सुरुंगानंतरचा हिशोब

भारतात नायट्रोजनची गाठ 45 या आकड्याशी तीनदा पडते. युरियाची गोणी 45 किलोची असते. पूर्वी ती 50 किलोची होती, 2018 मध्ये बदलली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 नुसार, लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. पाण्याचा दुसरा स्रोत नसला तरी त्यात सवलत नाही. आणि ज्या मिश्रणात वजनाने 45 टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असतं, ते 2011 पासून कायद्याच्या नजरेत स्फोटक आहे. तिन्ही आकडे वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळ्या कारणांसाठी ठरवले. त्यांचं जुळणं हा निव्वळ योगायोग.

पण ही मापं ज्यांची आहेत ते पदार्थ एकमेकांचे नातेवाईक आहेत. शेतात टाकलेल्या युरियाचं मातीतले जिवाणू नायट्रेट करतात. सुरुंगात भरलेलं अमोनियम नायट्रेट फुटायचं राहिलं तर ते पाण्यात विरघळतं आणि तेही नायट्रेटच होतं. विहिरीत दोन्ही भेटतात, आणि भेटल्यावर कोण कुठून आलं हे ओळखू येत नाही. मला विचारायचा आहे तो प्रश्न नेमका या जागेवरचा आहे. जे नुकसान कोणाच्या हातून किती झालं हे वेगळं काढून दाखवता येत नाही, त्याची जबाबदारी कोणाची? सगळ्यांची थोडी थोडी म्हणायची, आणि मग कोणाचीच नाही असं धरून चालायचं?

आधी पदार्थाबद्दल. उघड्या खाणीत खडक फोडायचा तर ड्रिलने खोल छिद्रं पाडतात, त्यांत स्फोटक भरतात, वरून तोंड बंद करतात आणि ठरलेल्या क्रमाने उडवतात. यासाठी जगभर जे स्फोटक सर्वांत जास्त वापरलं जातं ते अगदी साधं आहे: 94 भाग अमोनियम नायट्रेटचे पांढरे दाणे आणि 6 भाग डिझेल. खाणीतले लोक त्याला ‘ॲन्फो’ म्हणतात. छिद्रात पाणी असेल तर त्याच्याऐवजी इमल्शन भरतात. त्यातही मुख्य घटक अमोनियम नायट्रेटच. सगळं नीट जमलं तर स्फोटानंतर नायट्रोजन वायू, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. कारखान्याने हवेतून घेतलेला नायट्रोजन हवेत परत गेला, व्यवहार संपला.

खाणीत सगळं नेहमी नीट जमत नाही. दाणे भरताना छिद्राच्या तोंडाशी सांडतात. पाणी लागलेल्या छिद्रात भिजतात. भरलेली छिद्रं कधी दिवसभर तशीच राहतात. एखादं छिद्र उडतच नाही, त्याला मिसफायर म्हणतात. शिल्लक किती राहतं हे खडकावर, पाण्यावर आणि काम करणाऱ्यांच्या शिस्तीवर अवलंबून असतं. कोरड्या छिद्रात ते नगण्य असतं, ओल्या छिद्रात काही टक्क्यांपर्यंत जातं. आणि अमोनियम नायट्रेट इतकं विद्राव्य आहे की साध्या तापमानाला एका लिटर पाण्यात दीड किलोहून जास्त विरघळतं. म्हणजे शिल्लक राहिलेलं फार दिवस खडकावर बसून राहत नाही. पहिल्या पावसात ते निघून जातं. काही खाणीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात, काही माती-दगडाच्या ढिगाऱ्यांतून झिरपत भूजलात, काही नाल्यात.

एक छोटं गणित. एक किलो अमोनियम नायट्रेटमध्ये 775 ग्रॅम नायट्रेट असतं. लिटरला 45 मिलिग्रॅम या मर्यादेने भागलं तर येतात साधारण 17 हजार लिटर. म्हणजे एक किलो दाणे 17 हजार लिटर शुद्ध पाण्याला मर्यादेवर नेऊन ठेवायला पुरेसे आहेत. दाण्यातल्या अमोनियमचंही जिवाणूंनी नायट्रेट केलं, आणि ते करतात, तर हा आकडा दुप्पट होतो. आता समजा, एका वेळच्या सुरुंगाला दहा टन स्फोटक लागलं आणि त्यातलं शंभरात एक शिल्लक राहिलं. ते झालं 100 किलो, म्हणजे 17 लाख लिटर पाणी. हे कुठल्या एका खाणीचं मोजमाप नाही, नुसता भागाकार आहे. पण शंभरातला एक भाग म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटतं, ते किती चुकीचं ठरू शकतं हे कळायला भागाकार पुरतो.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे लिटरमागचं प्रमाण थोडं वाढतंच. त्याचा धोका पहिल्यांदा नीट मांडला गेला तो 1945 मध्ये. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्यात दूध कालवून पाजलेली तान्ही बाळं निळी का पडतात हे दाखवलं. शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला बदलून टाकतं, आणि रक्त फिरत असलं तरी प्राणवायू पोचत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळांना हा धोका सर्वांत जास्त. पाण्याची मर्यादा ठरवताना मुख्यतः हीच बाळं डोळ्यांसमोर होती.

आमच्या भागात 2017 च्या ऑगस्टमध्ये तळोजा एमआयडीसीत रस्त्यावरची कुत्री निळी दिसू लागली होती. कासाडी नदीच्या प्रदूषणाबद्दल लोक आधीपासून तक्रारी करत होतेच, पण निळ्या कुत्र्यांच्या फोटोंनी जे केलं ते तक्रारींनी झालं नव्हतं. बातमी देशाबाहेर गेली, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करायला लावला. रंग अंगावर दिसला म्हणून कारण सापडलं आणि कारण सापडलं म्हणून जबाबदार सापडला. आपली नीतीची कल्पनाही बरीचशी अशीच चालते. तिला डाग लागतो, आणि डाग कोणाच्या हातावर आहे हे दिसावं लागतं. नायट्रेट असा कुठलाच डाग ठेवत नाही.

मी बेलपाड्यात राहतो. खारघरच्या टोकाला, पारसिकच्या डोंगराखाली. इथे खाण नाही, पण खाणीशी आमचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. नवी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका 17 नोव्हेंबर 2023 ला सुरू झाली. बेलापूरहून निघालेल्या गाडीचं बेलपाडा हे तिसरं स्थानक, आणि अकरावं, शेवटचं स्थानक पेंधर. पेंधरच्या पुढे तळोजा एमआयडीसी. तिथल्या दीपक फर्टिलायझर्सच्या कारखान्यात खाणकामासाठी लागणारं अमोनियम नायट्रेट तयार होतं. या मालाच्या देशातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी तो एक आहे. उलटीकडे, खाडीच्या पलीकडे, उलव्याचा सुमारे नव्वद मीटर उंचीचा डोंगर सुरुंग लावून सपाट केला गेला, त्याच्या दगडामातीने पाणथळ जमीन भरली गेली आणि त्यावरच्या विमानतळाचं 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं. दहा गावं त्यासाठी उठली. तेव्हा बेलपाड्यात उभं राहून पाहिलं तर एका बाजूला सुरुंगाचं सामान बनतं आणि दुसऱ्या बाजूला सुरुंगाने काय होऊ शकतं ते दिसतं.

तिसरा धागा डोळ्यांना दिसत नाही, तो विजेच्या तारेतून येतो. खारघरला वीज महावितरणची. राज्याच्या विजेत चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या औष्णिक केंद्राचा मोठा वाटा आहे, आणि त्या केंद्राचा कोळसा आसपासच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, तिकडच्या भाषेत ‘वेकोलि’च्या, खाणींतून येतो. वर्धा नदीच्या एका काठाला चंद्रपूर जिल्हा, दुसऱ्या काठाला यवतमाळचा वणी तालुका. उकणी, निलजई, मुंगोली या वणीकडच्या उघड्या खाणी. इकडे खाण, तिला लागून कापसाचं शेत, मध्ये गावाची विहीर. अशी ही रचना आहे.

थोडक्यात, स्फोटक एका दिशेला जातं, वीज उलट दिशेला येते. रस्ते, इमारती, माझ्या लॅपटॉपची बॅटरी, ऐरोली-महापेतली डेटा सेंटरं, यांपैकी कशालाच न फुटलेल्या दाण्यांचा स्पर्श होत नाही. जे शिल्लक राहतं ते तिथेच राहतं. देवाणघेवाणीत आमच्या वाट्याला फक्त फुटलेला भाग आला आहे.

आता कायद्याची बाजू. तिच्यात एक गोष्ट अशी आहे की माझ्या धंद्यातल्या माणसाला ती टोचल्याशिवाय राहत नाही.

मुंबईत 13 जुलै 2011 ला साखळी बॉम्बस्फोट झाले आणि त्याच महिन्यात केंद्राने अमोनियम नायट्रेटला स्फोटक जाहीर केलं. 2012 मध्ये त्याचे वेगळे नियम आले. बनवायला परवाना, साठवायला परवाना, वाहून न्यायला परवाना. या परवान्यांचं मुख्य कार्यालय, ज्याला पेसो म्हणतात, नागपुरात आहे. म्हणजे कोळशाच्या पट्ट्यापासून फार लांब नाही. 4 ऑगस्ट 2020 ला बैरुतच्या बंदरात 2750 टन साठा फुटून दोनशेहून अधिक माणसं मेली, तेव्हा साऱ्या जगाला कळलं की हा माल नुसता पडून राहिला तरी काय करू शकतो. त्यामुळे कारखान्यापासून खाणीच्या मॅगझिनपर्यंत आणि तिथून छिद्रापर्यंत दाण्याची नोंद होते. किती आलं, किती भरलं, किती परत केलं. किलोत.

दुसरीकडे, कोळसा खाणीतून बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यालाही मानक आहे. 2000 सालच्या पर्यावरणीय नियमांत त्यातल्या नायट्रेट-नायट्रोजनची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम ठेवलेली आहे. नायट्रेटमध्ये मोजलं तर ती साधारण 44 मिलिग्रॅम होते. म्हणजे खाणीच्या पाण्यात नायट्रेट येऊ शकतं हे कायद्याला ठाऊक होतं. पाव शतकापासून ठाऊक आहे.

तर नोंदी दोन आहेत. एक किलोत, स्फोटकांच्या वहीत. एक लिटरमागच्या मिलिग्रॅममध्ये, पाण्याच्या अहवालात. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर दोन तक्ते आहेत आणि दोघांना जोडणारा रकाना नाही. छिद्रात भरलेल्या नायट्रोजनपैकी किती हवेत गेला आणि किती पाण्यात आला, ही वजाबाकी करा असं दोन्हींपैकी कुठलाच नियम सांगत नाही. शिवाय लिटरमागचं प्रमाण हे फसवं माप आहे. जुलैत पावसाचं पाणी मिसळलं की तेच नायट्रेट मर्यादेखाली दिसतं, आणि नाल्यात गेलेला एकूण भार मात्र तेवढाच राहतो. ढिगाऱ्यांतून झिरपून थेट भूजलात जाणारं पाणी तर सांडपाण्याच्या तोंडाशी येतच नाही, तिथे घेतलेल्या नमुन्यात ते सापडणार कसं?

माझ्या कामात एखादा व्यवहार मधूनच गायब झाला तर पहिला प्रश्न असतो, शेवटची नोंद कुठे आहे? अमोनियम नायट्रेटची शेवटची नोंद छिद्राच्या तोंडाशी आहे. तिथवर त्याची राखण होते, कारण तिथवर ते शहराला घाबरवू शकतं. सुरुंग वाजला की भीती संपते आणि वहीही मिटते. यात कुणाचा कट नाही. कोणाच्या भीतीसाठी वही उघडली होती, एवढंच त्यातून कळतं.

इथे तत्त्वज्ञानातलं एक जुनं उदाहरण आठवतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ जोनाथन ग्लोव्हर यांनी ते 1975 मध्ये मांडलं. एका गावात शंभर माणसं जेवायला बसली आहेत, प्रत्येकाच्या वाडग्यात शंभर दाणे उसळ आहे. शंभर दरोडेखोर येतात, प्रत्येक जण एकेकाचा वाडगा हिसकावून खातो. गाव उपाशी राहतं, आणि प्रत्येक दरोडेखोराला ठाऊक असतं की आपण एका माणसाचा घास पळवला. पुढच्या वेळी ते युक्ती करतात. प्रत्येक जण प्रत्येक वाडग्यातला फक्त एक दाणा घेतो. एक दाणा गेल्याने कोणाची भूक वाढते का? कोणाचीच नाही. तरी शेवटी शंभर वाडगे रिकामे. आता दोषी कोण? प्रत्येक जण म्हणेल, माझ्यामुळे कोणाला काही जाणवलंच नाही.

वणीच्या विहिरीचं तसंच आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालानुसार महाराष्ट्रातल्या सुमारे 36 टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होतं, आणि देशातल्या सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत वर्धा आणि यवतमाळ दोन्ही आहेत. या जिल्ह्यांतल्या बहुतेक गावांच्या आसपास कुठलीही खाण नाही. तिथलं मोठं कारण रासायनिक खत, जनावरांचं शेण-मूत आणि माणसांचं सांडपाणी हेच आहे. युरियातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन पिकाला मिळतच नाही. म्हणून खाणीच्या बाजूने बोलणारा सहज म्हणू शकतो, आमचा एक दाणा तुम्हाला कशाला खुपतो? आणि शेतकरी म्हणू शकतो, माझी एक गोणी. आणि गाव म्हणू शकतं, आमचे चार शोषखड्डे. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं असू शकतं. बाळाला मात्र पाणी एकत्रच मिळतं.

प्रयोगशाळा थोडी मदत करते. नायट्रोजन आणि ऑक्सिजनची जड-हलकी रूपं मोजून नायट्रेट मैल्यातून आलं की कारखान्यातून, याचा अंदाज बांधता येतो. पण स्रोत मिसळले आणि जिवाणूंनी मधे हात घातला की खुणा पुसट होत जातात. म्हणून जबाबदारी फक्त रेणूच्या ओळखीवर टांगून ठेवली तर ती कायमच टांगलेली राहील.

ग्लोव्हर यांचं उत्तर असं, की नुकसान जाणिवेच्या खाली गेलं म्हणून शून्य होत नाही. शंभर वाडग्यांतला एकेक दाणा मिळून एक पूर्ण वाडगाच होतो. मला हे पटतं, पण त्यांच्या उदाहरणात एक गोष्ट सोपी करून घेतली आहे असं वाटतं. तिथे सगळे दरोडेखोर सारखे आहेत. आपल्या विहिरीभोवतीचे लोक सारखे नाहीत. शेतकऱ्याने एकरात टाकलेल्या युरियातून किती झिरपला हे त्याला मोजता येत नाही. मोजायचं म्हटलं तर त्याच्याकडे साधन नाही, आणि ज्या विहिरीत ते जातं ती बहुधा त्याचीच असते. खाणीकडे मात्र प्रत्येक किलोची नोंद आधीच आहे, माप घेणारी माणसं आहेत, पाणी उपसणारे पंप आहेत, प्रयोगशाळा आहे. जिथे वजनकाटा हातात आहे तिथे ‘आम्हाला कसं कळणार’ हे वाक्य बोलता येत नाही. आपला वाटा छोटा असेल तर तो मोजून छोटा दाखवणं हे त्या वाट्यावाल्याचं काम आहे. विहिरीवाल्याने तो मोठा आहे हे सिद्ध करावं, असं म्हणणं म्हणजे काटा ज्याच्याकडे नाही त्याच्यावर मापाची सक्ती करणं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. वेगळं काढता न येणं हा काही अंशी रसायनाचा गुण आहे, पण बराच भाग न केलेल्या वजाबाकीचा आहे. जे कळू शकत नाही त्याबद्दल माणसाला माफी आहे. जे कळून घ्यायची सोय असताना कळून घेतलं नाही, त्याबद्दल ती नाही.

उरतात आमच्यासारखे लोक, तारेच्या दुसऱ्या टोकाचे. इथे लहानपणी ऐकलेली वाल्याची गोष्ट नव्याने वाचावीशी वाटते. तिच्यातला प्रसिद्ध भाग म्हणजे नारदाने विचारायला लावलेला प्रश्न. या पापात वाटेकरी होता का? बायको-मुलं म्हणतात, नाही, पोसणं तुमचं काम, कसं पोसता ते तुम्ही बघा. आपण या उत्तराला कृतघ्नपणा समजतो. पण तेच उत्तर आपण रोज देतो, आणि त्याला ग्राहक असणं म्हणतो. बिल भरलं, संबंध संपला. शिवाय ग्रिडमध्ये सगळी वीज एक होते. माझ्या पंख्यातली वीज कोळशाची, कोयनेची की सौर, हे मला सांगता येत नाही. म्हणजे पाण्यातल्या नायट्रेटसारखीच माझी वीजही बेनामी आहे, आणि तेवढीच सोयीची.

गोष्टीतला दुसरा भाग आपण सहसा सोडून देतो. वाल्या प्रत्येक खुनामागे रांजणात एक खडा टाकत असे. सात रांजण भरले होते म्हणतात. म्हणजे वाटमारी करणाऱ्या त्या माणसाकडे चोख हिशोब होता. मला वाटतं, नारदाचा प्रश्न त्याला भिडला याला या रांजणांचाही हातभार असावा. ज्याने काहीच मोजलेलं नाही त्याला वाटेकरी शोधायची गरजच पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने वाटायला काही नसतं.

म्हणून अपराधी वाटून घेण्याला मी फारशी किंमत देत नाही. बेलपाड्यातल्या एका माणसाने वाईट वाटून घेतल्याने निलजईच्या ढिगाऱ्यातून एक थेंब कमी झिरपत नाही. वाटेकरी होणं म्हणजे मोजणीचा आग्रह धरणं, आणि मोजल्यावर जो खर्च निघेल तो आपल्या बिलात आला तर कुरकुर न करणं. यातला दुसरा भाग अवघड आहे.

खर्च फार अवाढव्य नाही, हे इथे सांगायला हवं. पाणी लागलेल्या छिद्रात सुट्या दाण्यांऐवजी इमल्शन भरणं, छिद्रात अस्तर घालून स्फोटक कोरडं ठेवणं, भरलेली छिद्रं ताटकळत न ठेवणं, सांडलेलं गोळा करणं, मिसफायर कमी करणं, खाणीच्या तळाचं पाणी बाहेर सोडण्याआधी तपासणं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एल्क व्हॅली नावाचा कोळसा पट्टा आहे. तिथल्या पाण्यासाठी 2014 मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात सेलेनियम, सल्फेट यांच्याबरोबर नायट्रेटचं नाव स्वतंत्र आहे, आणि ते सुरुंगातून येतं हे गृहीत धरलेलं आहे. त्याने तिथला प्रश्न सुटला असं नाही. सेलेनियमवरून त्या नद्यांचं भांडण अमेरिकेच्या हद्दीपर्यंत गेलं. पण नायट्रेट कुठून आलं यावर तिथे वाद घालत बसावं लागत नाही. एकदा नाव वहीत आलं की पुढचं बोलणं उपायांवर होतं.

आपल्याकडे हे अधिक निकडीचं आहे, कारण खाणीचं पाणी आपण आता वापरायला काढतो आहोत. विदर्भात ते शेतीला दिलं जातं, आणि नागपूरजवळच्या पाटणसावंगीला तर वेकोलिने ते शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरलं. कल्पना चांगली आहे. बाटलीतल्या पाण्यातून नायट्रेट काढणारी यंत्रणा बसवता येते. नाल्याच्या कडेच्या विहिरीत ती कोण बसवणार?

विहीर सोडता येणं हीसुद्धा एक मालमत्ता आहे. सिडकोने नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या, त्यानंतर नळ आले. खारघरच्या नळाला पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी येतं. पायाखालच्या भूजलात काय आहे याची चौकशी करायचं आम्हाला कारण उरलं नाही. ज्याला दुसऱ्या तालुक्यातलं पाणी मागवता येतं तो स्वतःच्या जमिनीखालच्या पाण्याकडे पाठ फिरवू शकतो. वणीतल्या विहिरीवाल्याला ते जमत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण संशयाने म्हणतो. त्याच्याकडे ते अक्षरशः मुरतं.

आमचा रायगड जिल्हा, पूर्वीचा कुलाबा, पाण्याच्या प्रश्नाला नवखा नाही. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी पाण्याला हात लावला, आणि सार्वजनिक पाणी कोण घेऊ शकतं या प्रश्नाचं उत्तर कायमचं बदलायला सुरुवात झाली. तो प्रश्न पाण्यातून काय घ्यायचा कोणाला हक्क आहे, याचा होता. त्याची दुसरी बाजू अजून तितक्या जोराने विचारली गेलेली नाही. सार्वजनिक पाण्यात काय टाकायचा कोणाला हक्क आहे? आणि टाकलं तर ते सांगायची सक्ती कोणावर आहे? भूजल कोणाच्या सातबाऱ्यावर थांबत नाही, तेव्हा ते सार्वजनिकच आहे. घेणाऱ्याला आपण शतकानुशतकं जात विचारली. टाकणाऱ्याला निदान वजन तरी विचारायला हवं.

माझी मागणी त्यामुळे अगदी कारकुनी आहे. स्फोटकांच्या वहीत आणखी एक रकाना हवा. या महिन्यात इतके किलो नायट्रोजन छिद्रांत गेला, इतका पाण्यात सापडला, इतका सापडला नाही. ती वही पेसोच्या कार्यालयात न राहता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला हवी, ज्या भाषेत गाव वाचतं त्या भाषेत. शेजारच्या विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तपासलं जावं, आणि तो आकडा त्याच फळ्यावर, त्याच ओळीत लिहावा. खाणीचा वाटा खरोखरच किरकोळ निघाला तर उत्तमच. मग सगळ्यांनी मिळून खताकडे आणि शोषखड्ड्यांकडे वळावं, आणि त्यासाठीही गावाच्या हातात पहिल्यांदा खरा आकडा असेल. मोठा निघाला तर इमल्शनचा खर्च कोळशाच्या दरात येईल, तिथून विजेच्या दरात, आणि युनिटमागे काही पैसे होऊन खारघरपर्यंत पोचेल. तो आकडा बिलावर वेगळा छापला तरी माझी हरकत नाही.